मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तर संशयी होते, असं नुसतं म्हणून भागणार नाही. दुधावर जाड साय आली तरी ‘एवढी कशी आली?’ म्हणून ते विचारात पडायचे. घराला कुलूप लावून जिना उतरले की निम्म्यातून परत वर यायचे, कुलूप ओढून बघायचे, आणि ते नीट लागलेलं निघालं की त्याचाही त्यांना संशय यायचा. औषधाच्या गोळ्यांवरची तारीख आधी स्वतः वाचायचे, मग दुकानदाराला वाचायला लावायचे, मग घरी येऊन बायकोला. लोक ताक फुंकून पितात, मास्तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

पण हे त्यांनी आईच्या पोटातून आणलेलं नव्हतं. हे त्यांच्या धंद्याने त्यांना लावलं. मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. तीसेक वर्षं ते शिकाऊ माणसांच्या शेजारी बसले. शिकाऊ माणसं म्हणजे कशी? वळताना डोळे मिटून घेणारी, ब्रेक समजून भलतंच पेडल दाबणारी, समोर कोणी आलं की स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून तोंडावर नेणारी. अशांच्या शेजारी बसून संध्याकाळी धडधाकट घरी यायचं, तर माणसाला जगावर विश्वास ठेवून चालत नाही. “रस्त्यावरचा प्रत्येक जण वेडा आहे असं धरून चाला,” हा त्यांचा पहिला धडा होता. दुसरा धडा नव्हताच.

शिकवण्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तरांच्या गाडीतली ती दोन पेडलं खालून एका लोखंडी दांड्याने जोडलेली होती. शिकणाऱ्याने आपलं दाबलं की मास्तरांच्या पायाखालचं खाली जायचं, मास्तरांनी दाबलं की शिकणाऱ्याच्या पायाखालचं. त्या दुसऱ्या ब्रेकवर मास्तरांचा पाय असा बसलेला असायचा, की जणू तो तिथेच उगवला होता. कचकन गाडी थांबली की मास्तर शांतपणे विचारायचे, “मी नसतो तर?” शिकणारा घाम पुसत मान हलवायचा. म्हणून गावभर त्यांचं नाव पडलं ब्रेकमास्तर. त्या नावाचा त्यांना राग नव्हता, उलट गर्व होता. त्यांच्या गाडीला कधी ओरखडासुद्धा गेला नव्हता. आपल्या एका पायाने किती जीव वाचवले, हा विचार करत त्यांना रोज छान झोप लागायची.

त्यांची बायको त्यांच्याच ड्रायव्हिंगच्या शाळेत होती. पुढच्या खोलीत फळ्यावर रस्त्याच्या खुणा काढून ती त्यांचे अर्थ शिकवायची. कुठे थांबायचं, कोणाला आधी जाऊ द्यायचं, पिवळ्या दिव्याला काय करायचं. मुलं तिला मास्तरीणबाई म्हणायची, आणि ते नाव तिने कष्टाने मिळवलेलं होतं. मास्तर गाडीत ओरडून जे शिकवायचे, त्यातलं निम्मं ती खोलीत न ओरडता आधीच शिकवून ठेवायची.

आता गंमत बघा. सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोने गाडी कधी चालवलीच नाही. लायसन्स होतं. लग्नानंतर दोन-चार वर्षांत तिने परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. मास्तरांना तेव्हाच शंका आली. “परीक्षा घेणारा साहेब माझ्या ओळखीचा,” ते म्हणाले. “भिडेखातर सोडलंन तुला.” पुढे ती चार-सहा वेळा गाडी घेऊन बाहेर पडली, शेजारी अर्थातच मास्तर. दर वेळी एकच तऱ्हा. समोर काही आलं, तिचा पाय ब्रेककडे गेला, की पेडल आधीच खाली गेलेलं. तोंडाशी आलेला घास कोणीतरी पळवावा, तसं. एक दिवस तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा उचलल्या नाहीत. लायसन्सचं नूतनीकरण मात्र ती वेळच्या वेळी करत राहिली. का, ते मास्तरांनी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

मग मास्तरांचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. छान झालं, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मास्तरांना लगेच शंका आली. आणि या खेपेला ती खरी ठरली. गुडघा पुरता वाकेना. काठी घेऊन चालता यायचं, पण पाय झटकन इकडून तिकडे नेता येत नव्हता. “गाडी चालवणं आता नाही,” डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी आणखी दोन डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा तिघांचं संगनमत असणार, असं त्यांनी ठरवलं. पण गुडघा काही त्यांच्या बाजूने बोलेना. शाळा त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला देऊन टाकली, गाडीसकट.

त्यांचं घर शहराच्या अगदी कडेला होतं. बसचा थांबा चढ उतरून खाली. व्यायामासाठी दवाखान्यात जायचं तर भाड्याची गाडी बोलवावी लागायची, आणि तिच्या ड्रायव्हरला मास्तर वाटभर असं काही शिकवायचे, की दुसऱ्यांदा तो यायचाच नाही. शेवटी एका सकाळी चहाचे कप पुसता पुसता बायको म्हणाली,

“आपण गाडी घेऊ या. विजेची. खाली पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय झालीये.”

“आणि चालवणार कोण?”

“मी.”

मास्तर आधी हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं.

“लायसन्स आहे माझं,” ती म्हणाली.

“लायसन्स माझंही आहे. काय उपयोग?”

“तुमचा पाय चालत नाही. माझे दोन्ही चालतात. आणि एक सांगते. मी चालवणार असेन तर गाडी. नाहीतर नको.”

मास्तरांना भीती वाटली, हे सरळच सांगून टाकावं. स्वतःच्या जिवाची नव्हे; तो जीव रोज टांगणीला लावूनच त्यांनी पोट भरलं होतं. भीती तिची वाटली. ती स्टिअरिंगवर, समोर जग, आणि आपला पाय रिकाम्या जमिनीवर, हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण या बाईने एवढ्या वर्षांत काही मागितलं नव्हतं, आणि हे मागत होती.

दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तोड काढली. हल्लीच्या गाड्या स्वतःहून ब्रेक लावतात, हे त्यांनी ऐकलं होतं. पुढे रडार, काचेवर कॅमेरा, समोर माणूस आला आणि चालवणारा झोपलेला असला तर गाडीच थांबते. जो पाय आपला गेला, तो गाडीला असला म्हणजे झालं.

“घेऊ गाडी,” ते म्हणाले. “पण निवडणार मी. ब्रेक लावणारी.”

“निवडा की,” बायको म्हणाली. “चालवून मात्र मी बघणार.”

झालं, मास्तरांचा संशय कामाला लागला. त्याला इतके दिवस गुडघ्याशिवाय विषय नव्हता.

पहिल्या शोरूममध्ये टाय लावलेला एक गृहस्थ त्यांना गाडीचे गुण सांगू लागला. मास्तरांनी त्याला अडवलं. रडारवर चिखल उडाला तर? सूर्य समोरून डोळ्यात येत असला तर कॅमेऱ्याला दिसतं का? मांजर आलं तर थांबते, की मांजर तिच्या हिशोबात धरत नाही? टायवाल्याने दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला पाणी आणायला गेला. चालवून बघताना बायकोच्या हातात स्टिअरिंग मधूनच ओढ घ्यायचं, कारण पांढऱ्या पट्ट्याच्या जवळ गेलं की ती गाडी स्वतःच मधे सरकायची. “ही हाताला धरून ओढते,” बायको म्हणाली. “मास्तरांनाच घेतल्यासारखं होईल.” ती गाडी गेली.

दुसरीत स्टिअरिंगच्या मागे एक बारीक कॅमेरा होता. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर आहे का, ते तो बघत राहायचा. बायकोने आरशात पाहिलं की टिंग. उजवीकडे पाहिलं की टिंग. मास्तरांना तो कॅमेरा मनापासून आवडला. पण जरा वेळाने बायकोवरचा त्याचा डोळा त्यांच्याही डोळ्यावर येऊ लागला. “परक्याने एवढं टक लावून बघायचं काय कारण?” म्हणत त्यांनी तीही गाडी नापास केली.

आणि विजेच्या गाड्यांची एक खोड त्यांना सगळीकडेच जाचली. आवाज नाही. मास्तर विद्यार्थ्याच्या पायाकडे कधी बघत नसत, ते इंजिन ऐकत. इंजिन जरा घोगरं झालं की शिकणारा घाबरलाय, हे त्यांना शिकणाऱ्याच्या आधी कळायचं. इथे सगळी सामसूम. बायकोचा पाय काय करतोय, काय करणार आहे, कानांना काही पत्ताच लागत नव्हता. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, पण मास्तरांचा देवावरही सरसकट विश्वास नव्हता.

त्यात घरातही काहीतरी शिजत होतं. दुसऱ्या शहरातली मुलगी रोज फोन करायची, आणि मास्तर खोलीत आले की बायको “बरं, बरं” म्हणून विषय बदलायची. दाराशी तिचे कापडी बूट दिसू लागले, सपाट तळव्यांचे. गाडी चालवताना कसले बूट घालावेत, हे मास्तरांनीच गावाला शिकवलेलं. एका दुपारी ती वाचनालयात जाते म्हणून गेली आणि हातात पुस्तक न घेता परत आली. मास्तर दबा धरूनच बसले होते.

“पुस्तक?”

“नाही मिळालं.”

“कुठलं नाही मिळालं?”

बायकोने बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि सरळ सांगितलं, “शाळेत गेले होते. आपल्या. मुलगी रोज फोनवर मागे लागली होती, आधी हात बसव म्हणून. त्याला म्हटलं, मला एक फेरी मारू दे.”

मास्तर गारच पडले. स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या विद्यार्थ्याच्या शेजारी! “मग? काय म्हणाला तो?”

“काय म्हणणार? तुमचाच चेला. पहिल्या चौकातच पेडल दाबून बसला.” ती हसली, पण हसण्यात मजा नव्हती. “माझ्या नशिबी शेजारी बसणारा प्रत्येक जण ब्रेकवर पाय ठेवूनच बसायचा. परत नाही जाणार.”

यावर आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे मास्तरांना ठरवता येईना. त्यांनी दोन्ही थोडंथोडं केलं.

तिसऱ्या शोरूममध्ये गाड्या दाखवायला एक तरतरीत मुलगी होती. तिने मास्तरांना काका म्हटलं, बायकोला काकू म्हटलं. ती गोड बोलते म्हणजे गाडीत खोट असणार, असं मास्तरांनी मनात टिपून ठेवलं. पण पोरगी प्रश्नांना बधेना. चिखल उडाला तर? “मग पडद्यावर सूचना येते, काका, की आता मला दिसत नाही, तुमचं तुम्ही बघा.” मांजर? “मांजराचं सांगता येत नाही.” सांगता येत नाही, असं म्हणणारी विक्रेती मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांचा संशय क्षणभर अडखळला. मग त्यांनी खास आपल्या धंद्यातला प्रश्न काढला.

“गाडी थांबली, तर ती गाडीने थांबवली की चालवणाऱ्याने, हे मला कसं कळणार?”

“लपून राहत नाही, काका. गाडीने ब्रेक लावला तर समोर लाल दिवा लागतो, जोरात शिट्टी वाजते, आणि पट्टा छातीशी असा आवळतो की माणूस विसरत नाही. पडद्यावरही दिसतं.”

मास्तर खूश झाले. हवी होती ती गाडी मिळाली, असं ते म्हणणार, एवढ्यात बायकोने विचारलं, “ते बंद करता येतं का?”

“काय बंद?” मास्तर.

“ते स्वतःहून ब्रेक लावणं.”

“करता येतं, काकू. पण आम्ही सुचवत नाही. आणि गाडी पुन्हा सुरू केली की ते आपोआप चालू होतं.”

“अगं, बंद कशाला?” मास्तरांचा आवाज चढला. “त्याच्यासाठी तर इथे आलो! एवढी पायपीट, एवढी चौकशी! बंदच करायचं तर एखादा जुना खटारा काय वाईट होता?”

बायको ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बघू लागली. मास्तरांना वाटलं, झालं, हिचा डाव कळला. हिला मोकाट सुटायचंय. गाडी घेईपर्यंत होला हो, आणि घेतली की पहिल्याच दिवशी बटण दाबून मोकळी. आणि मी शेजारी, पाय लोंबकळत. त्यांनी मनात ठाम केलं, की पसंती देण्याआधी ते बटण कुठे आहे ते शोधायचं आणि ते काढून टाकता येतं का, ते विचारायचं.

बाहेर पडले. बायको चालवायला, मास्तर शेजारी, मुलगी मागे. मास्तरांनी पायाखाली बघितलं. रबरी चटई, आणखी काही नाही. त्यांनी गुडघा जमेल तेवढा वाकवून पाय चटईवर टेकवला. कुठेतरी ठेवायलाच हवा होता.

गाडी निघाली ती कळलीच नाही. बायकोने मोठा रस्ता नीट पार केला, सिग्नलला थांबली, कडेच्या सायकलस्वाराला जागा दिली. मास्तर प्रत्येक वेळी गाडीने काही केलं का, ते बघत होते. बायकोने वेगाच्या पेडलवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावत होती. विजेची गाडी अशीच हळू होते, असं मुलगी मागून सांगत होती, पण मास्तरांना वाटायचं, हे केलं गाडीने. मग ती वस्तीतल्या एका गल्लीत वळली. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. पुढे सामान वाहणारा एक टेम्पो, मागची फळी उघडी.

टेम्पोच्या आडून एक माणूस उलटा चालत सरळ रस्त्यात आला. त्याच्या हातात सोफ्याचं एक टोक होतं, आणि सगळं लक्ष त्या टोकाकडे. मागे कोण येतंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मास्तरांचा पाय खाली गेला. गाडी थांबली. माणूस, मग सोफा, मग सोफ्याचं दुसरं टोक धरणारा, असे तिघंही समोरून आरामात गेले. एकानेही मान वळवली नाही.

“बघितलंस?” मास्तरांच्या तोंडावर तेज आलं होतं. “बघितलंस? लावला की नाही गाडीने? म्हणे बंद करा! ही नसती तर आज तो माणूस सोफ्यासकट—”

बायको दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती.

मास्तरांची नजर समोरच्या पडद्यावर गेली. लाल दिवा? लागला नव्हता. शिट्टी? सोफावाल्याचं धापा टाकणं ऐकू येईल एवढी शांतता होती. पट्टा छातीवर सैलच होता. ते मागे वळले.

“खरं सांग. ते चालू होतं ना?”

“चालू आहे, काका. त्याची वेळच आली नाही. काकूंनी आधीच थांबवली.”

“पाय उचलल्यामुळे असेल. उचलला की हळू होते, तूच म्हणालीस.”

“हळू होते. अशी थांबत नाही. काकूंनी ब्रेक दाबला.”

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय चटईवर होता, इतका जोरात रोवलेला, की गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत चढत होती. आणि गंमत अशी, की त्यांना पेडल लागलं होतं. खरंखुरं. पेडल खाली जातानाचा तो ओळखीचा दाब, मग गाडीचं कचकन थांबणं, सगळं पायाला कळलं होतं. मी थांबवली, असं त्यांच्या पायाने त्यांना छातीठोक सांगितलं होतं. आणि पायाखाली तर चटई.

माणूस एकदा संशयी झाला की झाला, संशय कुठे न्यायचा हे मग त्याच्या हातात राहत नाही. मास्तरांचा संशय तिथे, त्या गल्लीत, त्यांच्यावरच उलटला. दोन पेडलं, एक दांडा. एक दबलं की दुसरं खाली. गाडी थांबल्यावर त्यांनी विचारलेलं ते “मी नसतो तर?” कितीतरी घाबऱ्याघुबऱ्या पोरापोरींना, म्हाताऱ्यांना, शेजारपाजाऱ्यांना विचारलेलं. त्यातली किती माणसं स्वतःच थांबली होती? निम्मी? सगळीच? कोणाच्या पायाने कोण वाचलं, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. जन्मभर सगळ्या जगावर संशय घेतला, एका आपल्या पायावर तेवढा घेतला नाही. त्यांना शरम वाटली.

बायकोने गाडी कडेला घेतली. मागची मुलगी शहाणी, ती फोनमध्ये तोंड घालून बसली.

“ऐक,” मास्तर हळूच म्हणाले. “आपल्या गाडीत... पूर्वी तू चालवायचीस तेव्हा. तेव्हाही तूच थांबवत होतीस का?”

“मला काय माहीत?”

“म्हणजे?”

“म्हणजे मला नाही माहीत. पेडल खाली जायचं. तुम्ही दाबलंत की मी, ते तुम्हाला कळायचं, असं मला वाटायचं.” आता तिचा आवाज रागावलेला होता. “मला गाडी थांबवता येते की नाही, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं हो. एवढी वर्षं. फळ्यावर लोकांना शिकवायचे, इथे थांबा, तिथे थांबा. आणि मी स्वतः थांबू शकते का, तेच ठाऊक नाही. शाळेत गेले, तर तिथेही पेडल आधीच खाली. म्हणून विचारलं, ते बंद होतं का.”

माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पट्टा सोडला, काठी घेतली, दार उघडलं आणि मोठ्या कष्टाने आधी आखडलेला पाय आणि मग बाकीचे स्वतः, असे फुटपाथवर उतरले.

“अहो, कुठे निघालात?”

“तू एक फेरी मारून ये. माझ्याशिवाय.” मग स्वभाव जाईना, म्हणून वाकून मागच्या मुलीला म्हणाले, “तू पुढे येऊ नकोस. मागेच बस.”

“ते बंद करू का?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “तुझी गाडी. तू ठरव.”

तिने पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे. “राहू दे चालू,” ती म्हणाली. “त्याची शिट्टी तरी वाजते. त्याने केलं तर मला कळेल, त्याने केलं म्हणून.”

गाडी निघून गेली, आवाज न करता. शेजारची सीट रिकामी घेऊन. मास्तर टेम्पोच्या फळीवर टेकले. सोफा नेणारे दुसऱ्या खेपेला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांना रस्त्यात उलटं चालण्यावरून चांगलं फैलावर घेतलं, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मग कपाट गेलं, खुर्च्या गेल्या, गाद्या गेल्या. बायको येईना. काय-काय झालं असेल, याची सगळी चित्रं मास्तरांच्या डोळ्यांसमोर हजर झाली; एवढ्या वर्षांच्या सरावाने ती बोलवायलाही लागत नव्हती. खिशात फोन होता. ते तो काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. चालवताना फोन वाजला तर तिचं लक्ष जाईल, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाने आली. तिने ती मास्तरांच्या समोर आणून उभी केली, काठीच्या टोकाशी, अगदी हळू. मागची मुलगी खाली उतरली. “काका, काकूंनी मला घाट दाखवला!” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून घाट बराच वळणाचा असावा असं दिसलं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. गाल तांबडे झाले होते. केसांची एक बट सुटून कपाळावर आली होती आणि ती मागे सारायची शुद्ध तिला नव्हती. आपण हिला असं कधी पाहिलं होतं, हे मास्तर आठवू लागले आणि त्यांना आठवेना.

“वाजली का शिट्टी?” त्यांनी विचारलं.

“एकदाही नाही.”

“मग हीच घेऊ.”

“घेऊच. बसा आता.” मास्तर पुढच्या दाराकडे वळले, तशी ती म्हणाली, “तिथे नको. पुढे तुमचा पाय आखडतो. मागे बसा, माझ्या पाठीमागे. पाय तिरका लांब सोडता येईल. ती बसेल पुढे.”

गाडीत मागे बसायची मास्तरांची ही पहिलीच वेळ. त्यांनी पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला, पाय तिरका पसरला. पुढे बायकोच्या सीटची उंच पाठ, तिच्यावर तिच्या अंबाड्याचा थोडासा भाग. बाकी काही नाही. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली.

“अगं, मला इथून रस्ता दिसत नाहीये.”

“मला दिसतोय,” ती म्हणाली, आणि गाडी निघाली.